गोव्यात पावसाळी छायाचित्रण कार्यशाळा घेताना

फोंड्याहून एका तरुण छायाचित्रकाराने विचारले आहे: "काही वर्षांपासून मी सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या रानांत छायाचित्रे काढतो. ती पाहून लोक म्हणतात, आम्हालाही घेऊन चला. येत्या जूनपासून कार्यशाळा सुरू कराव्यात असे मनात आहे. गट किती मोठा असावा, जागा कोणत्या निवडाव्यात, शुल्क कसे ठरवावे, आणि शिकवताना मी स्वतः छायाचित्रे काढावीत की नाही?"

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. आपण स्वतः छायाचित्रे काढू नयेत. आलेला माणूस पैसे देतो ते आपल्या लक्षासाठी आणि आपल्या निर्णयांसाठी, आणि कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाचे लक्ष चौकटीबाहेर नसते. पावसाळ्यात आपले जांभ्या दगडाचे कातळ शेवाळाने इतके निसरडे होतात की वाइड लेन्स लावलेला माणूस आणखी थोडे चौकटीत यावे म्हणून एक पाऊल मागे सरला, तरी अपघात होऊ शकतो. ते पाऊल पडण्याआधी पाहणारा कोणीतरी हवा, आणि तो आपणच असतो. शिवाय कार्यशाळेच्या प्रमुखाने आपला ट्रायपॉड लावला की सर्वांत चांगली जागा अडते, आणि बाकीचे त्याच्या मागे दाटी करून त्याच्यासारखेच चित्र काढू लागतात. एखादी गोष्ट दाखवायचीच असेल, तर सहभागी व्यक्तीच्या कॅमेऱ्यावर, तिच्याच पडद्यावर दाखवावी. आपल्या चित्रांसाठी वेगळे दिवस ठेवावेत.

गटाच्या आकाराचा विचार मी नेहमी रात्रीच्या रानापासून करतो. जुलै-ऑगस्टमध्ये म्हादई खोऱ्यातल्या ओल्या रानात कुजलेल्या लाकडावर मंद हिरवा प्रकाश देणाऱ्या बुरशा दिसतात. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला किमान वीस मिनिटे लागतात. त्यानंतर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) सोळाशे ते बत्तीसशेच्या दरम्यान ठेवून तीस सेकंद ते दोन मिनिटे उघडीप, म्हणजे एक्स्पोजर, द्यावी लागते. एवढ्यात कोणी पिशवी शोधायला टॉर्च लावला किंवा कोणाच्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा उजळला, की सर्वांचीच उघडीप वाया जाते आणि डोळ्यांची वीस मिनिटे पुन्हा सुरू होतात. ज्या ओंडक्यावर बुरशी आहे त्याच्याभोवती चार ट्रायपॉड कसेबसे मावतात, पाचवा लावताना कोणाचा तरी पाय बुरशीवर पडतो. म्हणून चार, आणि दिवसाची ठिकाणे मोकळी असतील तर फार तर सहा. यापेक्षा जास्त लोक घ्यायचे असतील, तर मोठी गाडी करण्याआधी दुसरा शिकवणारा माणूस शोधा.

जागांबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, पण माझ्या मते प्रमुखाचे खरे कौशल्य कुठे जायचे नाही हे ठरवण्यात आहे. दूधसागराचे नाव जाहिरातीत घातले की नोंदणी लवकर भरते हे खरे असले, तरी पावसाळ्यात कुळ्याहून धबधब्याच्या पायथ्याशी जाणाऱ्या जीपगाड्या बंद असतात, आणि रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायद्याखालचा गुन्हा आहे. जुलैमध्ये दूधसागर दाखवू असे सांगणारा प्रमुख एक तर फसवतो किंवा माणसांना धोक्यात घालतो. तो धबधबा ऑक्टोबरसाठी राखून ठेवावा. अभयारण्यांतल्या इतर धबधब्यांबाबतही वन खात्याचा त्या आठवड्याचा आदेश पाहिल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नये. २०२३ च्या जुलैत बुडण्याच्या घटनांनंतर खात्याने अशा धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली होती, आणि ज्यांनी केवळ धबधब्यांवरच कार्यक्रम बेतला होता त्यांच्या हाती काही उरले नाही. प्रत्येक सत्रासाठी बंद होऊ न शकणारी एक पर्यायी जागा, म्हणजे खाजनातला (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतला) बांध, परवानगी घेतलेले कुळागर (माड-पोफळींची बाग) किंवा गावातली तळी, आधी पाहून ठेवलेली असावी.

जागेपेक्षा वेळ महत्त्वाची असे आपण सर्वच म्हणतो, पण गोव्याच्या बाबतीत त्याचा नेमका अर्थ समजून घेतला पाहिजे. आपण साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे सूर्य उभा उतरतो. क्षितिजापासून सहा अंश उंचीवर असलेला सूर्य पंचवीस-सत्तावीस मिनिटांत बुडतो, म्हणजे परदेशी पुस्तकांत ज्या दीर्घ सोनेरी उन्हाचे वर्णन असते ते आपल्याकडे अर्ध्या तासातच संपते. गट त्या अर्ध्या तासाच्या बराच आधी जागेवर पोहोचून, चौकट ठरवून, तयार असला पाहिजे. जूनअखेर सूर्य नेमक्या पश्चिमेच्या चोवीस अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरअखेर जवळजवळ तितकाच दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यात पाहून ठेवलेली खडकाची आणि सूर्याची जुळणी पावसाळ्यात मिळत नाही. एप्रिलअखेर आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास तर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी उघड्यावर काही न करता गटाला दाट रानाच्या सावलीत किंवा चित्रे पाहायला घरात न्यावे.

किनाऱ्याबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपला सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सर्वजण संध्याकाळी तिथे जातात आणि प्रत्येकाकडे मावळत्या सूर्यासमोरच्या काळ्या आकृत्या जमा होतात. सकाळी मात्र ऊन माडांच्या मागून, जमिनीकडून येते. ओल्या वाळूवरच्या रेघा, होड्यांचे रंग, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या माणसांचे चेहरे त्या उन्हात उजळतात, आणि किनाऱ्यावर गर्दी नसते. त्यासाठी भरती-ओहोटीचे तक्ते वाचायला शिका. मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरपर्यंत फरक पडतो आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून शनिवारी साधलेली चौकट रविवारी त्याच घटकेला पाण्याखाली असू शकते. हेच खाजनांनाही लागू आहे. दिवाडी, चोडण आणि जुवे या बेटांवर मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारे भरती-ओहोटीबरोबर लागतात आणि उघडतात. शेतातले पाणी आरशासारखे केव्हा असेल आणि चिखल केव्हा उघडा पडेल, हे तिथे मानस सांभाळणाऱ्या माणसाला विचारून ठरवावे.

आता प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल. धबधब्यासमोर आलेला नवखा माणूस सर्वांत रुंद लेन्स लावतो आणि सगळा धबधबा चौकटीत भरतो. गेल्या पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटाखाली एका व्हाळापाशी (ओढ्यापाशी) आमच्या गटात मडगावच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची दहा-बारा चित्रे सारखीच आली होती आणि त्या खट्टू झाल्या होत्या. मी म्हटले, "बाई, कॅमेरा जरा पिशवीत ठेवूया. दहा मिनिटे नुसत्या इथे बसा, आणि तुमची नजर परत परत कुठे जाते ते मला सांगा." थोड्या वेळाने त्यांनी बोट दाखवले ते मुख्य धारेकडे नव्हते. बाजूच्या कातळावर रानअळूचे एक पान होते, त्याच्या टोकावर एक बारीक धार पडत होती, आणि पान प्रत्येक वेळी वाकून पुन्हा वर येत होते. मग आम्ही त्या एका पानासाठी लेन्स बदलली. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या उघडिपीत पान स्थिर दिसे आणि धार तुटक मण्यांसारखी येई. अर्ध्या सेकंदात धार रेशमी होई, पण पान पुसले जाई. बाईंनी बराच वेळ दोन्ही करून पाहिले आणि सेकंदाचा आठवा भाग निवडला, ज्यात पानाचा देठ स्थिर होता आणि फक्त टोक हलल्यासारखे दिसत होते. तो निर्णय त्यांचा होता. मी फक्त त्यांना घाई करू दिली नाही.

या प्रसंगात जे तंत्र आले ते कोणत्याही पुस्तकात मिळेल, पण ते शिकवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणूस कशासमोर थांबला ते त्याच्या तोंडून ऐकावे, मग त्यासाठी लागणारी एकच गोष्ट शिकवावी. ओल्या रानात ती गोष्ट बहुतेक वेळा पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची फिल्टर काच, असते. पाने आणि कातळ यांवरची पांढरी चमक त्याने निघून जाते आणि हिरव्या रंगाच्या छटा वेगळ्या दिसू लागतात, मात्र एक ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), आणि म्हणून ट्रायपॉड लागतो. त्यानंतर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार दाखवणारा आलेख. अंधाऱ्या रानातले पांढरे पाणी कॅमेऱ्याच्या मीटरला फसवते. पडद्यावर चित्र सुंदर दिसते, पण धारेचा तपशील आधीच जळालेला असतो. पाणी राखले जाईल इतकी उघडीप कमी करावी, अंधारे भाग नंतर संगणकावर उजळता येतात. आणि दर दोन-तीन चित्रांनंतर लेन्सवरचे तुषार पुसायची सवय प्रत्येकाला पहिल्याच तासात लावावी, नाहीतर संध्याकाळी मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे चेहरे उतरतात.

प्राण्यांच्या बाबतीत मी कठोर आहे आणि आपणही तसेच असावे अशी माझी मनापासून विनंती आहे. तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओहोळाकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्ले वाढवतो. त्याचे रंग इतके विलक्षण आहेत की त्या बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. माणसे जवळ असली की चोचीत भक्ष्य घेतलेला पक्षी आत न शिरता फांदीवर ताटकळत बसतो, आणि तेवढा वेळ पिल्ले उपाशी राहतात. माझ्या कार्यशाळेत कोणत्याही पक्ष्याच्या घरट्याचे चित्र काढले जात नाही, लांबूनही नाही, आणि हा नियम नोंदणीच्या पत्रातच लिहिलेला असतो. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी न आलेले बरे.

बेडकांचेही तसेच. मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. चौकट स्वच्छ दिसावी म्हणून कोणी आड येणारे एक पान तोडले, तर तो फेस उन्हाला उघडा पडून सुकतो. फांदी वाकवली, तर पिल्ले पाण्याऐवजी चिखलात पडतात. बेडकाला हात लावू नये, कारण त्याची त्वचा पाणी शोषते, आणि आपल्या बोटांवरचे डास पळवणारे मलम त्याच्या अंगात जाते. एका प्राण्यासमोर दोन माणसे, पाच मिनिटे, मंद दिवा, आणि पुढे चालू लागावे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फुले येतात. सीतेची आसवे, गेंद आणि कीटक खाणारी दवबिंदू ही झाडे कातळावरच्या बोटभर मातीत उगवतात. तिथे ट्रायपॉडचे पाय आणि आपले बूट उघड्या दगडावरच टेकावेत, आणि खाली झोपून चित्र काढायचे असेल तर आधी अंगाखाली काय येणार ते पाहावे.

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. अभयारण्यात छायाचित्रणासाठी शिरायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याचा परवाना लागतो आणि तो प्रत्येकाच्या नावाने काढलेला बरा. गोव्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे, त्याखाली नोंदणी करून घ्यावी. ड्रोनला मी सरळ नाही म्हणतो. अभयारण्यात तो परवानगीविना उडवता येत नाही, दाबोळी आणि मोपा अशा दोन विमानतळांमुळे बऱ्याच ठिकाणी हवाई बंधने आहेत, आणि त्याच्या आवाजाने जी शांतता मोडते तिच्यासाठीच लोक आलेले असतात.

सुरक्षिततेबद्दल मात्र थोडे विस्ताराने. आपण उभे आहोत तिथे पाऊस नसला तरी घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने व्हाळ अचानक वाढतो. पाणी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या वाहून येणे, आवाज जड होणे, यांतले एकही लक्षण दिसले की सामान आवरत न बसता माणसांना वर काढावे. यासाठी एक माणूस फक्त पाण्याकडे पाहणारा हवा. सापांबाबत एक गोष्ट प्रत्येक प्रमुखाला ठाऊक असलीच पाहिजे: आपल्याकडे सर्वत्र मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर केलेले आहे. पावसाळ्यात पानापानांवर दिसणारा मलबारी चापडा त्यांत येत नाही. म्हणजे "इस्पितळात औषध आहे" या भरवशावर कोणाला जवळ जाऊ देणे चुकीचे आहे. चापड्यापासून लांब पल्ल्याची लेन्स लागेल एवढे अंतर ठेवावे, रात्री प्रत्येकाच्या पायांत उंच बूट असावेत, आणि दंश झालाच तर न बांधता, न कापता, अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करून थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे न्यावे. रानात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून रेंज मिळणारी जवळची जागा पाहणीतच हेरून ठेवावी.

प्रत्येक सत्राला त्याच गावातला एक माणूस सोबत घ्यावा आणि त्याचे पैसे त्याच दिवशी हातात द्यावेत. कोणत्या वळणावर दरड कोसळते, कोणत्या वाटेला गव्यांचा कळप उतरतो, देवाच्या राईत कुठवर जायचे आणि कुठे चपला काढायच्या, हे त्याला ठाऊक असते. कुळागरात शिरण्यापूर्वी मालकाला आदल्या दिवशी भेटून विचारावे, वाटेत हाक मारून नव्हे. आणि सहभागी लोकांना चित्रांसोबत नेमके ठिकाण जाहीर न करण्याची विनंती करावी. नाजूक जागेचा पत्ता पसरला की पुढच्याच रविवारी तिथे गाड्या उभ्या राहतात.

शुल्क ठरवताना गाडी, निवास, जेवण, परवाने, गावातल्या सोबत्याचे मानधन आणि विमा यांच्याबरोबर आपल्या पाहणीचे दिवसही धरावेत. बहुतेक नवे प्रमुख नेमके तेच विसरतात आणि दुसऱ्या वर्षी थकून हे काम सोडतात. सहा जागा ठेवल्या तर चार भरल्या तरी खर्च निघेल असा हिशेब करावा. हवामान खात्याने लाल इशारा दिला तर कार्यशाळा होणार नाही, आणि अशा वेळी पैसे परत किंवा पुढची तारीख यांतले जे सहभागी निवडेल ते मिळेल, हे आधीच लेखी द्यावे. हे लिहून दिले नाही, तर भरल्या पावसात उभे राहून रद्द करायचे की नाही याचा निर्णय आपण पैशाकडे पाहून घेऊ लागतो.

सामानाच्या पत्रात दोन गोष्टी ठळक लिहाव्यात. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या लेन्सवर आपल्या दमट हवेत लगेच धुके चढते, म्हणून पिशवी अर्धा तास आधी बाहेर ठेवावी. आणि परत गेल्यावर कॅमेरा ओल्या पिशवीत बंद न ठेवता कोरडा करून सिलिका जेलसोबत ठेवावा, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत लेन्सच्या आत बुरशी धरते.

रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकाची पाच चित्रे सर्वांनी मिळून पाहावीत. निवड ज्याची त्याने करावी, कारण शिकण्यातला अर्धा भाग निवडीतच आहे. "छान" हा शब्द आपण वापरू नये. काय दिसले, काय नको होते, कोठे उभे राहिले असता तर बरे झाले असते, एवढेच बोलावे, आणि जो कमी बोलतो त्याला आधी विचारावे.

येत्या जूनपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. हा पावसाळा पाहणीत घालवा: एकाच व्हाळावर जूनच्या पहिल्या पावसात, जुलैच्या धुवाधार दिवसांत आणि ऑगस्टमध्ये पाऊस उघडल्यावर जा, पाणी कुठवर चढते त्याच्या खुणा करून ठेवा, गावातली माणसे जोडा. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस ओसरू लागला की, एका दिवसाची, चार जणांची कार्यशाळा एखाद्या सड्यावर आणि जवळच्या खाजनात घ्या. मुक्काम नको, रात्रीचे रान नको. ती नीट पार पडली तर पुढच्या जूनसाठी दोन दिवसांची नोंदणी फेब्रुवारीत उघडा, म्हणजे लोकांना रजा काढायला आणि आपल्याला परवान्यांचे अर्ज करायला पुरेसा वेळ मिळेल.